आमची वाटचाल : प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं त्याची गोष्ट

आमचा स्टुडिओ साताऱ्यात, बाबांच्या काळात रोल धुवायला एसटीने पुण्याच्या कलर लॅबला जायचे. मी आल्यावर २४ इंची इंकजेट प्रिंटर घेतला, म्हटलं आता आपणच लॅब! आणि पहिल्याच सीझनला एका ताईंची मोरपिशी पैठणी कागदावर चक्क जांभळट आली. स्क्रीनवर बरोबर. ताई साडीच घेऊन आल्या हो, काउंटरवर फोटोशेजारी पदर पसरला, आता काय बोलणार. कागद बदलला, शाई बदलली, तीन दिवस घातले, मग कळलं की फोटोशॉप पण कलर सांभाळतंय आणि प्रिंटरचा ड्रायव्हर पण, म्हणजे एकाच फोटोला दोनदा प्रोफाइल (कागद-शाईप्रमाणे रंग जुळवणारी फाइल). ड्रायव्हरमधलं कलर अॅडजस्टमेंट ऑफ केलं, झालं काम. फुकटात.

म्हणून कलर बिघडतोय या कारणाने सॉफ्टवेअर घेऊ नका, आधी ही सेटिंग बघा, मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे स्क्रीनचे रंग मापून बरोबर करून घ्या. मी क्यूइमेज हे प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं ते कागद वाचवण्यासाठी. आधी फोटो एकेक सोडायचो, १० बाय १५ इंचाचा एक, मग ८ बाय १० चा एक, बाजूची पट्टी कोरी कापून टोपलीत. आता ते आपोआप १५ ची बाजू आडवी टाकतं, शेजारी ८ बसतो, २४ पैकी २३ इंच भरले आणि रोल फक्त १० इंच सरकला. हे मीही पट्टी घेऊन करू शकलो असतो, पण लग्नसराईत रात्री अकराला कोण करतंय!

रोज पाच-दहा प्रिंट असतील तर एप्सनचं प्रिंट लेआउट किंवा कॅननचं प्रोफेशनल प्रिंट अँड लेआउट बास झालं, पैसे लागत नाहीत. इमेजप्रिंटसारखं महागडं रिप (ड्रायव्हरऐवजी स्वतःच प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आर्ट पेपरवर एक्झिबिशनचं काम करणाऱ्यांनी घ्यावं, त्यात वेगवेगळ्या कागदांची तयार प्रोफाइल येतात. आमच्याकडे ते गिऱ्हाईक नाही.

आणि असं सॉफ्टवेअर लहान फोटो मोठा करून देतं म्हणतात, ते अर्धंच खरं. परवा एक जण आजोबांचा व्हॉट्सॲपवरचा फोटो घेऊन आला, १२ बाय १८ हवा, दहाव्याला. कडा गुळगुळीत झाल्या पण डोळे काही येईनात. शेवटी त्यालाच घरी पाठवलं, आजीच्या ट्रंकेत एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट कॉपी निघाली, ती स्कॅन केली आणि नवव्या दिवशी रात्री फ्रेम करून दिली.