रॅकच्या मागचे ८१ टक्के

त्या सोमवारी मी आणि आमचे वायरमनकाका वाचनालयाच्या एकेका दालनात फिरून विजेचा हिशेब मांडत होतो. इमारत पर्यावरणपूरक करायचं व्यवस्थापन समितीने ठरवलं होतं, आणि वीज कुठे किती जाते याची यादी माझ्याकडे मागितली होती. जुन्या चार फुटी ट्यूब मोजल्या. एक ट्यूब ४० वॅटची, वर चोकचे दहाएक वॅट. तेवढाच उजेड एलईडी वीस वॅटमध्ये देते. शिवाय जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो आणि तिच्यातून थोडे अतिनील किरण बाहेर पडतात. वर्षानुवर्षं उजेडात राहिलेल्या पुस्तकांचे कणे फिके पडतात, त्यात त्यांचाही वाटा असतो. हे काम सोपं होतं, त्यात वाद नव्हता.

दुर्मिळ ग्रंथांचं दालन मात्र मी यादीतून आधीच वगळलं होतं. तिथल्या एसीला हात लावायचा नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. जुन्या पुस्तकांना गारवा लागतो, हेच शिकत आले होते. काकांना फक्त मीटरचा आकडा हवा होता, म्हणून दार उघडलं.

आणि वास आला. भिजलेलं पायपुसणं कोपऱ्यात पडून राहिल्यावर येतो तसा.

बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी रॅकचा सर्वांत खालचा कप्पा मी रिकामा करायला घेतला. तिसरा खंड हातात आला, कापडी बांधणीचा, जाडजूड. त्याच्या कण्याच्या कडेने राखाडी-हिरवट ठिपके उमटले होते, मखमलीसारखे. पुठ्ठ्यावर कापड जिथे खळीने चिकटवलेलं असतं, बरोबर त्याच रेषेवर. बुरशीला खळीतलं पीठ फार आवडतं. हात लावला असता तर पूड उडाली असती. मी खंड तसाच टेबलावर ठेवला आणि खाली बसून बाकीचे पाहू लागले. असे तेवीस निघाले. खरं सांगते, हातपाय गळाले माझे. ही पुस्तकं माझ्या ताब्यात होती.

काकांनी भिंतीला तळहात लावून पाहिला.

"मॅडम, रात्री एसी बंद असतो ना?"

"हो. रात्री आठला बंद, सकाळी दहाला चालू."

"आणि हे मशीन खोलीच्या मानाने मोठं आहे. पटकन गार करतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. भिंत बघा, ओली लागतेय."

आमचा एकुलता एक हायग्रोमीटर दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला होता. त्यावर आर्द्रता ६२ टक्के. मी तो काढला आणि रॅकच्या मागे, खालच्या कप्प्यापाशी ठेवला. वीस मिनिटांनी पाहिलं तर ८१.

हवा गार झाली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद कमी होते. ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा पाणी न काढता २४ अंशांवर आणली, तर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते. गार भिंतीलगत त्याहून जास्त. आणि ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिलं की बुरशी जागी होते. एवढी वीज जाळून आम्ही रोज तिच्यासाठी अंथरूण घालत होतो. त्याच वयाची पुस्तकं बाहेरच्या वाचन कक्षात, पंखे आणि उघड्या खिडक्यांत, स्वच्छ होती. तीही आम्ही लगेच जाऊन पाहिली.

एसी ताबडतोब बंद केला, कारण तो बुरशीची बीजं खोलीभर फिरवत होता. मास्क आणि हातमोजे घालून तेवीस खंड वेगळ्या, कोरड्या खोलीत हलवले. आमचा मदतनीस त्यांना उन्हात घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. कडक उन्हाने कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठे वाकतात. आधी सावलीत वाळवायचं, मग मऊ ब्रशने झटकायचं, ओल्या फडक्याने तर मुळीच पुसायचं नाही. कुणीतरी डांबरगोळ्यांचा डबाही आणला. तोही परत पाठवला. नॅप्थलीनची नोंद २००२ सालीच संभाव्य कर्करोगकारक म्हणून झाली आहे, आणि डांबरगोळी ओल काढत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या मागे जाऊन पाहिलं. छतावरून येणाऱ्या पाइपचा सांधा सुटलेला, पावसाचं पाणी भिंतीवर झिरपत होतं. दुरुस्तीला एक दुपार लागली. किती वर्षं गळत होतं, देव जाणे.

समितीच्या बैठकीत सौर पॅनेलचा विषय पहिला होता. पॅनेलला माझा विरोध नव्हता आणि नाही. पण आधी गळती बुजवा, भिंत कोरडी करा, मग किती वीज लागते ते मोजा आणि तेवढीच पॅनेल घ्या, असं मी म्हटलं. थोडी खडाजंगी झाली. "दुर्मिळ ग्रंथांना एसी नको म्हणणारी ग्रंथपाल पहिल्यांदाच पाहतोय," एक सदस्य म्हणाले. मी त्यांना रॅकमागचा आकडा सांगितला. २०१४ मध्ये वस्तुसंवर्धकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून संग्रहालयांसाठी काय म्हटलं आहे, तेही वाचून दाखवलं: जतनाच्या अटी स्थानिक हवामान पाहून ठरवाव्यात आणि ऊर्जेचा वापरही विचारात घ्यावा. जगभर एकच तापमान धरून बसायची गरज नाही.

आता रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहेत, खालचा कप्पा जमिनीपासून उचलला आहे. कोरड्या दिवशी जाळीच्या खिडक्या उघडतो, पावसात बंद ठेवतो. एसीच्या जागी छोटं आर्द्रताशोषक यंत्र आहे, ६० च्या वर गेलं तरच चालू होतं. देवघेव विभागातल्या छापील पावत्याही बंद केल्या. त्या थर्मल कागदावरचं रसायन रद्दीत मिसळलं की सगळा गठ्ठा बिघडवतं. पॅनेल यायची आहेत, ठरलं होतं त्यापेक्षा कमी.

तेवीसपैकी एकोणीस खंड कपाटात परतले. चार अजून वेगळ्या खोलीत आहेत. त्यातल्या एकाची मागणीचिठ्ठी गेल्या आठवड्यात आली. मी त्या वाचकाला आत नेलं, पिशवीतला खंड दाखवला आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी चिठ्ठी परत घेतली नाही. "तयार झाला की कळवा," म्हणाले. ती चिठ्ठी मी त्याच पिशवीला लावून ठेवली आहे.