अर्ध्या ब्लेडावरची नर्सरी: आमची वाटचाल

बावडा-शिये रस्त्याला आमची शेडनेट आहे. शोभेची रोपं करणारे कोल्हापुरात पुष्कळ, पण कोलियसच्या, म्हणजे त्या रंगीत पानांच्या झाडाच्या, छाट्यांमागं आमच्याएवढं डोकं लावणारे कमी, हे मी ठासून सांगते.

सुरुवातीचं हत्यार म्हणजे दाढीचं अर्धं ब्लेड. आजही तेच. ह्यांनी चार सिकेटर, म्हणजे छाटणीच्या कात्र्या, आणून ठेवलेत, गंजतायत. कोलियसचा दांडा चौकोनी आणि रसाळ. सिकेटरनं तो चेपतो आणि चेपल्या जागी कूज धरते. ब्लेड स्पिरिटनं पुसायचं, पेराच्या खाली सपकन एकच काप. चार बोटांचा छाटा, खालची पानं काढून कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. आठ-दहा दिवसांत मुळ्या. रूटिंग पावडरीवर पैसे घालू नका, कोलियसला ती लागत नाही.

आमचं नाव झालं ते 'पैठणी'मुळं. पान राणी रंगाचं, काठ पोपटी. एका साध्या झाडाला अशी एकच डहाळी फुटली होती. तिच्याच छाट्यांवर वाफे भरले. नाव मीच ठेवलं.

मग ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी मोजतात, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. त्या वर्षी पंचगंगा 55 च्या वर गेली. 2005 ला पाणी जिथवर आलं होतं, त्याच्या हातभर वर आम्ही बाकं बांधली होती. शहाणपणा केला असं वाटत होतं. पाणी ओसरल्यावर मदर प्लांटच्या, म्हणजे छाटे काढायच्या मूळ झाडांच्या, जागी काळा चिखल, त्यात ट्रे उलटेपालटे, आणि नाकाला पदर लावावा असा वास.

त्याच महिन्यात एका नर्सरीवाल्यानं मिक्स बियांची रोपं 'बावड्याची पैठणी' म्हणून खपवली. ट्रे भरायला आमच्याकडंच शिकलेला माणूस. वर 'त्यांचं संपलं' म्हणून गिऱ्हाइकांना सांगत होता. अहो, बियांची रोपं आईसारखी निघत नाहीत, बी पेरून आमची पैठणी कशी येईल? पण गिऱ्हाईक दहा रुपये कमी बघतं. आता लग्नाकार्यात भेटला की नमस्कार करतो. मी करत नाही.

मंगळवार पेठेतल्या एक मावशी दरवर्षी एक कुंडी न्यायच्या, तीही घासाघीस करून. रस्ता सुरू झाला तशा रिक्षानं आल्या. ओल्या पंचात गुंडाळलेले पैठणीचे अकरा छाटे, सोबत पानओव्याचे दोन, "भज्यांना होतील." म्हणाल्या, "तुझंच आहे गं, माझ्या गॅलरीत होतं एवढंच." अकरातले नऊ लागले. दोन मीच घाईत खोल खोचले होते.

आज शेडनेटमधली सगळी पैठणी त्या नवांची. 2021 ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा मदर प्लांट आधीच मावशींच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले होते.

आणि तुरा दिसला की खुडा हो. निळी फुलं छान दिसतात म्हणून ठेवता, मग झाड उघडं पडलं की आम्हाला फोन करता.

मावशींना परवा कुंडी तशीच देत होते, तर रागावल्या. पन्नासाच्या कुंडीचे तीस रुपये मोजून हातावर ठेवले.