सपाट शाईतला उजेड

भौमितिक अमूर्ततेचा, म्हणजे नुसत्या रेषा, आकार आणि रंगांतून घडणाऱ्या कलेचा विषय निघाला की आपण बहुधा रंगचित्रांचीच नावे घेतो. पण डोळा कसा पाहतो हाच ज्या कलाकृतीचा विषय आहे, तिला कॅनव्हासपेक्षा छापा, म्हणजे कागदावर छापून घेतलेले चित्र, अधिक मानवतो, हे माझे मत अलीकडे पक्के होत चालले आहे.

फिकट ते गडद अशा करड्या रंगाच्या पट्ट्या एकमेकींना खेटून स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापल्या, तर प्रत्येक पट्टी गडद शेजारणीकडच्या कडेला किंचित उजळ आणि फिकट शेजारणीकडच्या कडेला किंचित काळपट दिसते. जहांगीरसारख्या गॅलरीत असा छापा पाहणारा माणूस हटकून विचारतो, की ही छटा कशी आणली? दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कोऱ्या कागदाने झाकल्या, की मधली पट्टी एकदम सपाट होते, कारण ती मुळात सपाटच असते. रंगचित्रात कुंचल्यावर संशय घ्यायला जागा उरते. इथे एकाच डब्यातली शाई एकाच जाळीतून स्क्वीजीच्या (शाई ओढणाऱ्या रबरी पट्टीच्या) एका ओढीत कागदावर उतरलेली असते, त्यामुळे उजेड शाईत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे हे मान्य करावेच लागते. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारच्या रंगांचा हा परस्परपरिणाम 1839 साली ग्रंथरूपाने मांडला होता. चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी 1963 साली रंगांवरचे आपले धडे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातली रंगपाने स्क्रीन प्रिंटिंगने छापून घेतली. मला ती निवड अपरिहार्य वाटते.

मात्र या सपाटपणाची किंमत कडेला मोजावी लागते. सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे शेजारी आले, की त्यांची सीमा थरथरल्यासारखी भासते. पण मध्ये कागदाची केसाएवढी पांढरी फट राहिली किंवा शाईवर शाई चढून काळसर रेघ उमटली, तर ती थरथर तिथेच संपते. मुंबईच्या पावसाळ्यात हे रजिस्ट्रेशन, म्हणजे प्रत्येक रंग नेमक्या जागी बसवणे, सांभाळणे जिकिरीचे होते, कारण कागद हवेतला दमटपणा शोषून फुगतो आणि तोही त्यातल्या तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक, म्हणून पहिला रंग वाळेपर्यंत दुसऱ्याची जागा सरकलेली असते.

तरीही भूमितीचे काम केवळ डोळे दिपवणे आहे, असे मी मानत नाही. अलीगढला गणित शिकलेल्या छापाचित्रकार झरीना हाश्मी यांच्या 1999 सालच्या 36 लाकूडठशांच्या (लाकडावर कोरून घेतलेल्या छाप्यांच्या) मालिकेत मोजक्या काळ्या रेषा आहेत आणि प्रत्येक ठशाखाली एक उर्दू शब्द आहे. तो वाचला, की त्याच रेषांचा उंबरठा होतो किंवा सरहद्द होते. तिथे दृष्टिभ्रम औषधालाही नाही, आणि नुसत्या गरगरणाऱ्या चौकटींपेक्षा मला ते काम मोठे वाटते.