नागपूर ते रामटेक, जुन्या टू-स्ट्रोकवर: गाडी बंद कशी पडते ते आधी पाहा

बरीच वर्षं उभी असलेली टू-स्ट्रोक दुरुस्त करून पहिल्यांदा शहराबाहेर काढायची असेल, तर नागपूरकरांसाठी रामटेकसारखा रस्ता नाही. अंतर साधारण ५० किलोमीटर. कन्हानपर्यंत वस्ती तुटत नाही, त्यामुळे अडकलात तर मदत मिळते, आणि शेवटी गडाचा चढ इंजिनाची खरी परीक्षा घेतो. आमची गाडी मामांची. राजदूत किंवा येझदीसारखी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी, पॉइंट-कंडेन्सरवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारा इंजिनातला स्विच). गल्लीत छान चालायची, लांब नेली की बंद. धाकटा भाऊ दुसऱ्या गाडीवर सोबत होता. थंडीच्या दिवसांत, सकाळीच निघालो. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, अशी चाचणी घेऊ नका. इंजिनावर अन्याय होतो आणि रस्त्याकडेला पाना हातात घेऊन बसणाऱ्यावरही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गाडी बंद पडली की लगेच कार्बोरेटर खोलू नका. ती कशी बंद पडली ते आठवा. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गेली, तर बहुधा करंटचा दोष. दम कमी होत, आचके देत गेली, तर पेट्रोल पोचत नाही. आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही आवाज आपोआप चढत गेला, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे. हे तिसरं लक्षण दिसलं तर पुढे जाऊच नका. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलेलं असतं नाहीतर क्रँकचं (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचं) ऑइल सील गेलेलं असतं. मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊन, पिस्टन जाम झाला, तर रस्त्यात काहीच करता येत नाही.

गड्डीगोदाम ते ऑटोमोटिव्ह चौक हा सिग्नलांचा टप्पा. संथ चालीत प्लग ऑइलने ओला होतो, म्हणून जादा प्लग आणि प्लगपाना खिशातच ठेवा. प्लगचं टोक चॉकलेटी असावं. काळं-ओलं म्हणजे मिश्रण घट्ट, पांढरंफटक म्हणजे पातळ. आम्ही लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल घालतो. 'थोडं जास्त घातलेलं बरं' असं बरेच जण म्हणतात, ते ऐकू नका. धूर आणि काजळी तर वाढतेच, शिवाय ऑइल वाढलं की त्याच थेंबातलं पेट्रोल कमी होतं. यामाहा आरएक्स १०० वाल्यांना हा हिशोब करावा लागत नाही, तिची ऑइलची टाकी वेगळी असते.

कन्हानचा पूल ओलांडल्यावर गाडी पहिल्यांदा थांबली, हळूहळू दम सोडत. टाकीत पेट्रोल भरपूर होतं. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली! झाकणाचं बारीक भोक गंजाने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होऊन धार तुटते. गल्लीतल्या फेरीत हे कळत नाही, कारण तेवढ्यात पोकळी तयारच होत नाही. पिनेने भोक मोकळं केलं, मिनिटभर थांबलो, दुसऱ्या किकला चालू.

मनसरच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली, पण या वेळी एकदम. पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवली की चालू, इंजिन तापलं की परत बंद. कशीबशी मनसरला आणली. तिथे रस्त्याकडेच्या एका वयस्क मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गरम झाल्यावरच बंद पडून राहिली ना? मंग पेट्रोलच्या मागं काहून लागता भाऊ, कंडेन्सर पाहा." पॉइंटचं झाकण काढून त्यांनी मला किक मारायला लावली आणि वरून गमछाची सावली धरली. पॉइंट उघडताना लख्ख ठिणगी उडत होती, आणि प्लगला मात्र मरतुकडी, पिवळी. उलट असायला हवं. कंडेन्सरचं कामच ते, पॉइंट उघडताना तिथली ठिणगी दाबायची, म्हणजे कॉइलचा (प्लगला करंट देणाऱ्या वेटोळ्याचा) सगळा जोर प्लगला मिळतो. तापल्यावर कॉइलही असाच दगा देते, पण तेव्हा पॉइंटवर एवढा जाळ दिसत नाही. मिस्त्रींनी मॅग्नेटला (इंजिनावरच्या चुंबकाच्या चाकाला) हात न लावता नवा कंडेन्सर बाहेरून जोडला: डबी फ्रेमला घट्ट कसलेली, वायर पॉइंटच्या वायरला. पॉइंट घासून ०.४ मिमीच्या फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) अंतर लावलं. कंडेन्सर खिशात मावणारी आणि स्वस्त वस्तू आहे, दोन घेऊन निघा.

मनसरला उजवीकडे वळलं की रामटेक ६-७ किलोमीटर. गडाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन घुसमटू न देता चढवला. वर वानरं फार आहेत. ऑइलची बाटली, पिशवी गाडीला लटकवून देवळात जाऊ नका. भूक लागली असेल तर खाली उतरूनच खा.

उतरताना एक काळजी घ्याच. पेट्रोलमधूनच ऑइल मिळणाऱ्या इंजिनाला ॲक्सिलरेटर बंद ठेवून उतारावर गिअरमध्ये सोडलं, तर पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही, आणि पिस्टन मात्र वेगाने धावत असतो. लहान गिअर ठेवा, वेग कमी ठेवा आणि दर काही क्षणांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलका पीळ द्या. जुने ड्रम ब्रेक लवकर तापतात, मध्ये एकदा थांबलेलं बरं.

परतीला गाडी कुठेही थांबली नाही. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुनी रबरं फुगवतं. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरची वाटी कोरडी करूनच ठेवा.