आमच्या उंबऱ्याचा आकडा: पूरतयारीच्या नोंदी, होळी ते मृग

होळीनंतरचा पहिला रविवार

गेल्या वर्षी पिशव्या भरून झाल्या, टॉर्च झाले, रेडिओ झाला. यंदा नवीन सामान कमी घ्यायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर काढायचं, असं ठरवलं आहे. नदीला किती पाणी आलं की आम्ही घर सोडायचं?

सांगलीत सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या फुटांत बोलतात. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण 45 म्हणजे माझ्या दारात किती, हे विचारलं तर कुणी सांगत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आम्हालाही माहीत नव्हतं. 2005ला पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं होतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "एवढंच येतंय, बसूया." आम्ही बसलो. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोटीतून काढलं. सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या कपाटात राहिल्या आणि कपाट पाण्यात.

बैठकीच्या दारामागे हातभर भिंत तेव्हापासून आम्ही रंगवलेली नाही. तिथे 2019च्या पाण्याची रेघ आहे. खाली मळकट तपकिरी, वर जुना पोपटी रंग, आणि मधली रेघ सुतासारखी सरळ. आज टेप लावला. उंबऱ्याच्या वरच्या कडेपासून रेघ 4 फूट 1 इंच. त्या पुरात आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. म्हणजे उंबऱ्याला पाणी लागायचा आकडा आला 53 फूट 5 इंच.

2021च्या जुलैत पाणी 55च्या आसपास थांबलं होतं, तेव्हा घरात दीड फूट होतं. वजाबाकी करून 1 फूट 7 इंच येतं. दोन पुरांचा हिशेब एकमेकांशी जुळला, तेव्हा हातातली वही खाली ठेवून मी नुसती बसून राहिले.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पूर वाहता असतो, पुलापाशी एक पातळी आणि आमच्या गल्लीत दुसरी, असा थोडा फरक पडणारच. खाली हरिपूरला वारणा मिळते, तिला किती पाणी आहे त्यावरही इथलं पाणी तुंबतं. म्हणून मी आकड्याला अर्धा फूट इकडेतिकडे धरते, आणि तयारी करताना तो अर्धा फूट नेहमी आपल्या विरुद्ध धरते.

एप्रिल, दुसरा आठवडा

उंबऱ्याचा आकडा मिळाला तरी तो उपयोगाचा नाही, हे या आठवड्यात कळलं.

आमची गल्ली कोपऱ्यावर उतरते. तिथे नाल्याचं चेंबर आहे आणि नदी चढली की पाणी आधी तिथूनच उलटं वर येतं. 2019ला आम्ही दारात उभं राहून उंबऱ्याकडे बघत होतो आणि तिकडे कोपरा केव्हाच बुडाला होता. तर कोपरा उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे?

यासाठी मिस्त्री लोकांची लेव्हलची नळी वापरली. 20 मीटर पारदर्शक नळी, आत पाणी, आणि पाणी नीट दिसावं म्हणून चिमूटभर नीळ. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, एवढंच तिचं शास्त्र. मुलगी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, आणि दोघींकडे फूटपट्टी खिळलेली काठी. 55 मीटर अंतर तीन टप्प्यांत मोजलं.

पहिल्या दिवशीचं सगळं मोजमाप फुकट गेलं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता आणि तीन इंचांचा फरक पडत होता. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी नळी भरताना एक टोक उंच बादलीत ठेवावं, पाणी सावकाश ओढून घ्यावं आणि पूर्ण नळी हातातून सरकवत बुडबुडे काढावेत. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी खरंच समपातळीत आहे का ते बघावं. टोकाला लावलेला अंगठा काढल्याशिवाय पाणी स्थिरावत नाही, हेही आम्ही दोनदा विसरलो. मोजून झालं की उलट दिशेने पुन्हा मोजायचं. दुसऱ्या रविवारी जाताना आणि येताना मिळून अर्ध्या इंचाची तफावत राहिली, ती चालेल.

कोपरा उंबऱ्यापेक्षा 4 फूट 2 इंच खाली निघाला. म्हणजे आयर्विनला 49 फूट 3 इंच झाले की कोपऱ्यावर पाणी. दीड फूट आणखी चढलं की गुडघाभर. वाहत्या पाण्यात घोट्याच्या वर, सहा इंचांतसुद्धा मोठ्या माणसाचा पाय उचलला जातो, आणि खाली चेंबरचं झाकण जागेवर आहे की नाही हे गढूळ पाण्यात दिसत नाही. तेव्हा आमच्यासाठी रस्ता संपतो तो 49लाच. त्यानंतर चार फूट पाणी चढेपर्यंत घर कोरडं असतं, वाट मात्र नसते. 2019ला आम्ही नेमके त्या चार फुटांत अडकलो होतो.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एप्रिलअखेर

आता आकड्यांना कामं जोडली. आयर्विनला 30 फूट ओलांडले की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांतले लोक सामान हलवायला लागतात. आमच्याकडे त्या दिवशी सगळं चार्जिंगला लावायचं आणि गोळ्या तपासायच्या. 35ला खालच्या कपाटातलं वर. 40ला गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून खालचा कॉक बंद, स्कूटर विश्रामबागेत बहिणीकडे, आणि सासूबाईसुद्धा त्याच फेरीत. त्यांना हे पटवायला दोन दिवस लागले. शेवटी मी त्यांना वही दाखवली. त्यांनी आकडे बोटावर मोजले आणि म्हणाल्या, "चाळीसला माझी पिशवी दारात ठेव मग." 45ला मेन स्विच बंद, कुलूप, आणि आम्ही बाहेर. 49च्या आधी चार फूट हातात राहतात. पाणी रात्री चढलं, रिक्षा मिळाली नाही, कुणी पडलं, तर त्यासाठी ते चार फूट.

कोयना, नवजा, महाबळेश्वरला पाऊस किती आणि धरणातून विसर्ग किती, हे दोन्ही रोज वहीत लिहायचं काम मुलीने मागून घेतलं आहे.

मे, पहिला आठवडा: अंधारातली तालीम

रात्री नऊला कुणाला न सांगता मेन स्विच पाडला आणि "45 झालं" म्हणाले. बाहेर पडायला 38 मिनिटं लागली. निम्मा वेळ कपाटाची किल्ली शोधण्यात गेला, कारण रेशनकार्ड, सातबारा आणि पासबुकं कपाटात आणि किल्ली यांच्या ऑफिसच्या बॅगेत. आता कागदांच्या प्रती दोन झिपच्या पिशव्यांत, एकात एक, आणि मूळ कागद 40लाच बहिणीकडे. पंचनाम्याच्या वेळी कागद नसले की काय होतं, ते ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको.

दुसऱ्या तालमीला 14 मिनिटं.

पिशव्यांची वजनंही तेव्हाच कळली. माझी साडेअकरा किलो भरली होती. जिन्यावरून ती पाठीला घेऊन, एका हातात सासूबाईंचा हात धरून उतरता येत नाही. सगळं बाहेर काढून पुन्हा भरली, आता साडेसात. पाणी हे सगळ्यात जड सामान. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्यालाच हवं, ते पाठीवर नेता येत नाही. म्हणून पिशवीत माणशी एक बाटली आणि शुद्धीकरणाच्या गोळ्या. सासूबाईंच्या पिशवीत दोन किलोच: पंधरा दिवसांच्या गोळ्या, जुनं प्रिस्क्रिप्शन, चष्मा, एक लुगडं, शिट्टी.

हातात धरायच्या टॉर्चऐवजी डोक्याला बांधायचे टॉर्च घ्या, हे ज्यांनी आधी सांगितलं होतं त्यांचं म्हणणं पटलं. दोन्ही हात मोकळे राहतात. मेणबत्त्या काढून टाकल्या. गॅसच्या वासाच्या घरात काडी पेटवणं नको.

पॉवर बँकचा हिशेबही करून बघितला. डब्यावर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टचं. फोनला देताना 5 व्होल्ट करावे लागतात, त्यात थोडं वाया जातं. माझा 5,000 एमएएच बॅटरीचा फोन शून्यापासून एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा जेमतेम अर्धा भरला. दोन वेळा भरेल या हिशेबावर राहू नका. पावसाळ्यात दर महिन्याच्या एक तारखेला ती भरून ठेवायची, असं कॅलेंडरवर लिहिलं आहे.

मे, तिसरा आठवडा: पाणी

पुरानंतरचं पाणी हा मोठा विषय. 2019ला पूर ओसरला तरी नळाला पाणी कित्येक दिवस नव्हतं आणि टँकरपुढे रांगा होत्या.

या वेळी मुद्दाम गढूळ पाणी करून प्रयोग केला. बादलीत हौदाच्या तळाचा गाळ कालवला. तुरटी पाच-सहा वेळा फिरवली. तासाभराने गाळ खाली बसला, वरचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घेतलं. मग क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलेल्या लिटरच्या हिशेबाने, आणि अर्धा तास झाकून. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट केली, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची: परीक्षानळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब. पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी टाकून द्यायचं, पिण्यात जाऊ द्यायचं नाही.

तेच पाणी न गाळता गोळी टाकून बघितलं, तर अर्ध्या तासाने पिवळेपणा जवळपास नाहीच. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो हे वाचलं होतं, नळीत दोन्ही रंग शेजारी धरल्यावर ते डोळ्यांना दिसलं. तुरटी पाणी नितळ करते, जंतू मारत नाही. गोळी जंतू मारते, पण गाळापुढे कमी पडते. दोन्ही लागतात, याच क्रमाने. गॅस असेल तर खळखळून उकळी आणणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. हौदासाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घेतली, पण उघड्या पाकिटातली पावडर लवकर दम टाकते, म्हणून ती जूनमध्येच ताजी घ्यावी.

खाण्याचं थोडक्यात. दोन दिवस चूल न पेटवता काढले: सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात, भडंग, शेंगदाणे, आणि पहिल्या दिवशी दुधात भिजवलेल्या दशम्या. सासूबाईंना भडंग चावत नाही, त्यांनी दोन्ही दिवस सातूच खाल्लं. सातू वाढवले.

मे, शेवटचा आठवडा

गॅसची टाकी. भरलेली टाकी 30 किलोच्या आसपास भरते, पण तिच्या पोटात 33 लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. म्हणजे भरलेली असली तरी ती पाण्यात तरंगते. 2019ला आमची टाकी ओट्याखालून निघून बैठकीत आली होती, नळीला ओढ देत. आता रेग्युलेटर काढून, टोपी लावून, ओट्याच्या पायाला साखळीने बांधायची.

संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पिशवी. घरात पहिलं पाणी दारातून येत नाही, इथून येतं.

लाइफ जॅकेटबद्दल. 8 ऑगस्ट 2019ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, ते आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून मी तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन बांधून तरंगायचा जुगाड जपून ठेवला होता. या आठवड्यात तो पोहण्याच्या तलावात, प्रशिक्षकांना शेजारी उभं करून, स्वतःवर करून बघितला. दोन कॅन मला उचलून धरतात, यात शंका नाही. पण पाठीला बांधले की ते वर येतात आणि तोंड पाण्यात जातं. छातीशी कवटाळले तर ठीक, पण हात दमले की सुटतात. बुडणाऱ्याकडे काठावरून फेकायला कॅन आणि दोरी उत्तम, ते ठेवणार. अंगावर मात्र मापाचं जॅकेटच. तीन घेतली, त्यात नवीन मोबाइलचे पैसे गेले.

गमबूट घेतले. पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्याच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

मृगाच्या आधीचा शनिवार

कोपऱ्यावरच्या घरमालकांची परवानगी घेऊन त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर ऑइलपेंटने आकडे रंगवले: 50, 51, 52, 53. खाली लहान अक्षरांत "आयर्विन". मुलीने पांढऱ्यावर तांबड्याने काढले, उजेड नसताना बॅटरी मारली की दिसतात.

आकडे रंगवताना गल्ली गोळा झाली. ज्याला त्याला आपल्या उंबऱ्याचा आकडा हवा होता. नळी होतीच. संध्याकाळपर्यंत पाच घरं मोजली: 52 फूट 8 इंच, 53 फूट 1 इंच, 51 फूट 10 इंच, 53 फूट 9 इंच. शेवटचं घर कोपऱ्याला लागून, उतारावर, एकट्या राहणाऱ्या काकूंचं. त्यांचा उंबरा रस्त्यापेक्षाही खाली गेलेला आहे. आकडा आला 48 फूट 4 इंच.

"म्हणजे मी तुमच्या आधी निघायचं," काकू म्हणाल्या. त्यांनी आतून खडू आणला आणि चौकटीच्या आतल्या बाजूला, देवाच्या फोटोखाली, आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. त्याखाली माझा फोन नंबर लिहायला सांगितला, मोठ्या अक्षरात.

त्यांच्या गोळ्यांची यादी उद्या करायची आहे. पिशवी माझ्याकडे जास्तीची आहे. तिचे पट्टे लहान करावे लागतील.