तुम्ही विचारलंत म्हणून: घर कोण पाहते?

हवाई दलातून निवृत्त होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला आल्यापासून बारावीतल्या मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे परीक्षेची चौकशी करायला येतात, आणि ती झाली की निघता निघता मनातला प्रश्न विचारतात: "पोट्टं विमान चालोते, मंग घर कोन पायते?" परीक्षेचे सांगणे सोपे आहे. एनडीएमार्गे, म्हणजे पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे; वैमानिकांची संगणकावरची निवडचाचणी आयुष्यात एकदाच देता येते; खडकवासल्याच्या तीन वर्षांनंतर हैदराबादजवळ दुंडिगल येथे उड्डाणाचे प्रशिक्षण होते; २०२२ पासून मुलींनाही एनडीएत प्रवेश आहे. घराच्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण या नोकरीचा निम्मा भार घरच उचलते.

मी मालवाहू विमाने, मुख्यतः एएन-३२, उडवत असे. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. दिवस चढला की तिथे वारे सुटतात, आणि आधीच विरळ असलेली हवा तापल्यावर विमानाला पूर्वीइतके वजन पेलत नाही, म्हणून तिथली कामे शक्यतो सकाळीच उरकावी लागतात. त्यासाठी चंदीगडला पहाटे उठून हवामानाच्या ब्रीफिंगला बसायचे आणि आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यायची, हा शिस्तीचा भाग होता. गावाकडचे फोन मात्र नेमके रात्री यायचे. वावरातून परतून, जेवणे आटोपून बाबा फोन लावायचे आणि कपाशीवर पडलेली बोंडअळी, विहिरीवरची जळालेली मोटर, भावकीतला धुऱ्याचा वाद हे सगळे सांगायचे. त्यांचे मन मोकळे व्हायचे. मी छताकडे पाहत पडून राहायचो.

यावर तोडगा माझ्या पत्नीने काढला. रात्रीचे फोन तिने स्वतःकडे घेतले आणि दोनच गोष्टी पाहायचे ठरवले: हे आज रात्रीच सांगायला हवे का, आणि सांगून यांच्या हातून काही होणार आहे का. बाकी सारे मी दुपारी उतरल्यावर, जेवताना. पण लपवायचे काही नाही, हेही तेव्हाच ठरले. एका रात्री बाबांच्या छातीत दुखू लागले आणि त्यांना यवतमाळला दाखल केले, तेव्हा तिने मला झोपेतून उठवून सांगितले. सकाळी मी कमांडिंग ऑफिसरना म्हणालो, "सर, आज मी उडण्याच्या मनःस्थितीत नाही." त्यांनी एकही प्रश्न न विचारता फळ्यावरचे माझे नाव पुसून दुसऱ्याचे लिहिले आणि रजेचा अर्ज मागवून घेतला. असे सांगण्यात तिथे कोणी कमीपणा मानत नाही. न सांगता विमानात बसणे हा मात्र सोबतच्या सगळ्यांशी केलेला अपराध ठरतो.

"त्याला ताण नको" म्हणून घरातले आजारपण महिनोन्‌महिने दडवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो, तरीही मला ते अजिबात पटत नाही. एकदा लपवलेले उघड झाले की त्या माणसाला पुढची प्रत्येक शांतता संशयास्पद वाटू लागते. काही झाले असते तर मला सांगितले असते, हा भरवसा असला तरच मन घर सोडून समोरच्या डोंगरांवर आणि इंजिनांच्या काट्यांवर राहते.

हा भरवसा दुसऱ्या बाजूनेही राखावा लागतो. ३ जून २०१९ रोजी आसाममधल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाकडे निघालेले एएन-३२ बेपत्ता झाले. विमानात १३ जण होते. अवशेष ११ जूनला सापडले आणि कोणीही वाचले नव्हते. मी तेव्हा दुसऱ्या तळावर होतो. गावात पेरणीची लगबग होती, आणि टीव्हीवरची बातमी आईपर्यंत पोहोचण्याआधी पत्नीने तिला फोन केला: "हे जमिनीवर आहेत, मी आत्ताच बोलले." आईने विचारले, "तो चालवतो तेच विमान का वं?" पत्नी म्हणाली, "हो आई, तेच." तिला खोटे सांगून धीर देता आला असता, पण मग पुढच्या वेळचे "जमिनीवर आहेत" आईने खरे मानले नसते.

बदल्यांचे फार वाटून घेऊ नका. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधावे लागते, पण केंद्रीय विद्यालयात अभ्यासक्रम तोच राहतो. मराठी तेवढी घरी शिकवावी लागते. आमच्या मुलीला पत्नीने आजीला पत्रे लिहायला लावून ती शिकवली. शेतीचा प्रश्न अधिक अवघड आहे. बाबा थकले तेव्हा आम्ही वावर मक्त्याने दिले, आणि तो निर्णय त्यांना जड गेला. एकुलता एक मुलगा असेल तर हे बोलणे फॉर्म भरण्याआधीच घरात व्हावे. लग्न ठरवतानाही मुलाच्या पगाराआधी मुलीला हे सांगा की रात्री-अपरात्री आलेली बातमी आधी तिच्याकडे येईल आणि ती केव्हा सांगायची, हे बहुतेक वेळा तिला एकटीलाच ठरवावे लागेल. सून वैमानिक असेल, तर हेच मुलाला सांगावे लागेल.