वहीतल्या दोन पायऱ्या

गॅरेजमधल्या त्या दिवशीच्या पहिल्या जॉबकार्डवर तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘गाडी पेट्रोल जास्त खाते.’ ही तक्रार मला नवी नाही. आठ सिलिंडर, दोन टर्बो, सहाशेच्या आसपास हॉर्सपॉवर आणि दोन टन वजन. ‘अशी गाडी पेट्रोल पिणारच’ म्हणून बरेच जण ग्राहकाला परत पाठवतात. मला ते पटत नाही. जास्त म्हणजे किती आणि कधीपासून, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊच नये.

हे गृहस्थ ते सांगायच्या तयारीनेच आले होते. साठीच्या पुढचे, हळू बोलणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी वापरलेली घेतली होती. आयुष्यभर मनात होती, एवढंच म्हणाले. मग एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली. टाकी फुल केल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी. दीड वर्षाच्या नोंदी, एकही खाडा नाही. नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं, वर थेंबही भरायचा नाही, हीसुद्धा शिस्त पाळलेली. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबून तक्रार करणारे पुष्कळ येतात. तो आकडा अंदाजाचा असतो. टाकी ते टाकी हिशोबच खरा.

सुरुवातीच्या पानांवर लिटरला साडेसहा किलोमीटर. मध्ये कुठेतरी ६.३. आणि गेल्या चार महिन्यांत थेट ५.४. म्हणजे शंभर किलोमीटरला साधारण साडेपंधरा लिटर लागायचं, तिथे आता साडेअठरा. एवढा फरक ड्रायव्हिंगच्या सवयीने पडू शकतो, पण त्यांचा रस्ता तोच, वेळ तीच. बहुतेक फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या.

‘साधं पेट्रोल भरता की हाय ऑक्टेन?’ मी विचारलं.

‘कंपनीने सांगितलंय तेच. स्वस्तातलं भरून बघावं का, असं मनात आलं होतं.’

‘नका भरू, सर. पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके बसायला लागले, म्हणजे नॉकिंग जाणवलं, की इंजिन इग्निशन मागे घेतं, ठिणगी उशिरा टाकतं. मग त्याच पेट्रोलमधून काम कमी मिळतं. पंपावर वाचलेलं तिथेच जातं.’

गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावली होती, त्यामुळे इंजिन पूर्ण गार होतं. हे फार बरं झालं. बॉनेट उघडून मी गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, नीट असेल तर इंजिन तापेपर्यंत हा पाइप गार राहायला हवा, कारण तोवर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, इंजिनातच फिरत राहतं. दोन-तीन मिनिटांत पाइप कोमट लागायला लागला. तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

तरीही स्कॅनर लावून पंचवीस मिनिटं गाडी फिरवली. फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणात कॉम्प्युटर करतो ती दुरुस्ती, व्यवस्थित, इंजेक्टर व्यवस्थित. कूलंटचं तापमान मात्र ७२ अंशांवर अडकलेलं. ते नव्वदच्या वर हवं. परत आलो तेव्हा पी०१२८ हा बिघाडाचा कोड पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेल्यांत, दिसत होता. थर्मोस्टॅट उघडाच राहतोय, असा त्याचा रोख. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडीची स्वतःची तपासणी पूर्णच होत नव्हती, म्हणून चार महिन्यांत डॅशबोर्डवर दिवा लागला नव्हता.

गार इंजिन एवढं का खातं, हे त्यांनी मनापासून विचारलं, म्हणून मीही मनापासून सांगितलं. गार भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. ऑइल दाट असतं, घर्षण वाढतं. आणि या इंजिनात आणखी एक गोष्ट आहे. हलक्या पायाने चालवताना ते आठातले चार सिलिंडर मिटून घेतं. उरलेल्या चारांवर जास्त भार येतो, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, जास्त उघडावा लागतो आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते. पण इंजिन तापल्याशिवाय हे होत नाही. म्हणजे चार महिने त्यांची गाडी मुंगीच्या चालीलाही आठही सिलिंडर जाळत होती.

थर्मोस्टॅट बदलून, कूलंट भरून, हवा काढून होईपर्यंत दुपार टळली. पुन्हा चक्कर मारली. तापमान वर गेलं, स्थिरावलं, आणि पाय सैल सोडताच स्कॅनरवर चार सिलिंडरची खूण आली. मला समाधान वाटलं. ‘गाडी धुवायला घ्या’ असं मी सांगूनही टाकलं.

बिल करायला बसलो आणि वही पुन्हा उघडली. थर्मोस्टॅटने दुसऱ्या पायरीचा हिशोब लागत होता. पहिल्या पायरीचा, साडेसहावरून ६.३ चा, लागत नव्हता. तो बदल कितीतरी आधीचा होता आणि तेव्हापासून एकही नोंद पुन्हा साडेसहावर गेली नव्हती.

‘सर, या पानाच्या सुमारास काही झालं होतं का?’

त्यांनी चष्मा सारखा केला. ‘गाडी लावताना मागचं डावं चाक फुटपाथला घासलं होतं. रिम दुरुस्त करून घेतला. स्टिअरिंग ओढत नव्हतं, म्हणून पुढे काही केलं नाही.’

मागच्या चाकाची दिशा बिघडली तर स्टिअरिंग ओढेलच असं नाही. मी गाडी लिफ्टवर घेतली. बाहेरून बघितलं तर डाव्या टायरला चार मिलिमीटर नक्षी शिल्लक. आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाला काहीतरी टोचलं. टॉर्च मारला. रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या. बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा, पूर्ण गोलाईभर.

मी त्यांना लिफ्टखाली बोलावलं आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ वर बघत राहिले.

‘शनिवारी मुलीला आणायला जायचं होतं,’ ते म्हणाले. ‘साडेतीनशे किलोमीटर. सगळा हायवे.’

मी काही बोललो नाही. हायवेच्या वेगाला तो टायर फुटला असता, तर घसरणाऱ्या त्या दोन टनांच्या गाडीला कुणी आवरलं असतं?

टायर एक बदलून भागत नाही, हेही त्यांना सांगावं लागलं. एका एक्सलवर झिजलेला आणि नवा टायर बसवला तर दोघांचा घेर वेगळा होतो आणि ते दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला सोसत नाही. पुढचे टायर मागे घालावेत, तर मागचे जास्त रुंद, मापच वेगळं. अशा गाडीत खर्च म्हणजे पेट्रोल असं सगळे धरून चालतात. पण इंजिन ऑइल आठ-नऊ लिटर लागतं, ब्रेकच्या डिस्क ताटाएवढ्या असतात, आणि मऊ रबराचे रुंद टायर इंजिनाची ताकद रस्त्यावर उतरवता उतरवता झिजतात. त्यात अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरला चाक थोडं तिरकं घासत जातं. ते घासणंच वहीत ६.३ म्हणून उतरलं होतं.

दोन्ही टायर दुसऱ्या दिवशी आले. अलाइनमेंटच्या मशीनवर डावं चाक लाल दिसत होतं, ते हिरवं होईपर्यंत ते गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. मग त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, पट्टीने तीन उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं : आत, मध्ये, बाहेर.

‘पुढच्या डाव्यापासून सांगा,’ ते म्हणाले.

मी नक्षीची खोली मोजायचा डेप्थ गेज घेऊन खाली वाकलो. ‘आत ५.१.’